कोकोच्या हिशेबात न धरलेली मुलं

अधूनमधून व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरत येतो. हातात कोयता घेतलेल्या आफ्रिकन मुलाचा फोटो, खाली ‘तुमच्या चॉकलेटसाठी १५ लाख मुलं गुलामीत’ अशी ओळ आणि शेवटी चॉकलेट सोडून देण्याचं आवाहन. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. पण तो गुलामांचा आकडा नाही, आणि हा घोळ निस्तरल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या नॉर्क या संस्थेने अमेरिकेच्या कामगार खात्यासाठी एक मोठी पाहणी केली. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे पश्चिम आफ्रिकेतले दोन शेजारी देश. चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनतं त्या कोकोचं जगातलं निम्म्याहून जास्त पीक या दोघांतून येतं. तिथल्या कोको पिकवणाऱ्या भागांतल्या शेतकरी घरांत २०१८-१९ च्या हंगामात मुलं काय काम करतात, हे संस्थेने घरोघरी जाऊन विचारलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अहवाल आला : कोकोच्या कामातली बालमजूर मुलं १५ लाख ६० हजार. आयव्हरी कोस्टमध्ये ७ लाख ९० हजार, घानात ७ लाख ७० हजार. यांतली १४ लाख ८० हजार मुलं धोकादायक म्हणता येतील अशी कामं करत होती. आणि यातली बहुतेक आपल्याच घरच्या किंवा नातलगांच्या बागेत राबत होती.

शेतकऱ्याच्या पोराने सुट्टीत शेतावर मदत करणं आपल्याला नवं नाही. आंतरराष्ट्रीय कायदाही हलक्या कामाला आडकाठी करत नाही. पण धारदार कोयता चालवणं, झेपणार नाही इतकं ओझं वाहणं, औषध फवारणं, रात्रीचं काम किंवा शाळा बुडवून केलेलं काम ही मदत राहत नाही, ती बालमजुरी होते. मग बाग बापाची का असेना. तिसरी गोष्ट त्याहून वेगळी : घरापासून दूर आणलेलं मूल, ज्याला कामाला नाही म्हणता येत नाही आणि तिथून निघूनही जाता येत नाही. याला सक्तीची मजुरी म्हणतात. आईबापांखेरीज दुसऱ्या कुणी कोकोच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली मुलं दोन्ही देशांत मिळून १६ हजारांच्या घरात असावीत, असा अंदाज २०१८ सालच्या एका अभ्यासाने मांडला होता. म्हणजे साधारण शंभरातलं एक.

सोळा हजार ही संख्या लहान आहे असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांनाच गुलाम म्हटलं की गरीब शेतकरी बाप गुलामांचा मालक ठरतो. आणि फक्त त्या सोळा हजारांकडेच बोट दाखवलं की कंपन्यांना ‘आमच्याकडे असलं काही चालत नाही’ म्हणून मोकळं होता येतं. दोन्ही बाजूंनी एक प्रश्न अलगद सुटून जातो : उरलेल्या नव्व्याण्णव मुलांच्या हातात कोयता आला कसा?

त्यासाठी आधी बागेत जावं लागेल. कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं. आकार लहानशा पपईएवढा, पिकल्यावर रंग पिवळा, नारिंगी किंवा लालसर. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा फिरून, पिकलेलं पाहून, देठ जपून तोडावं लागतं. त्याच जागी पुढच्या वर्षी फूल येणार असतं. हे काम यंत्राला जमत नाही. तोडलेली फळं गोळा करून ढीग लावतात, हे बहुधा लहान मुलांकडे. मग ती फोडायची. एका हातात फळ, दुसऱ्या हातात कोयता, एकच घाव. साल चिरली पाहिजे पण आतल्या बिया कापल्या जाता कामा नयेत. घाव चुकला तर बोटावर येतो. आत सीताफळासारख्या पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या गरासकट केळीच्या पानांत झाकून पाच-सात दिवस आंबवतात, कारण चॉकलेटची चव तिथेच तयार व्हायला लागते. नंतर उन्हात वाळवणं, वर-खाली करणं, पाऊस आला की धावत झाकणं. किलोभर वाळल्या बियांसाठी वीस-पंचवीस फळं लागतात. याशिवाय वर्षभराचं गवत काढणं, आणि फवारणीसाठी दूरच्या ओढ्यावरून डोक्यावर पाणी आणणं.

घानात त्या हत्याराला कटलास म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे शब्दाला असा अर्थ नाही, पण मजुरीची मांडणी ओळखीची वाटेल. आयव्हरी कोस्ट आणि घानात बागा वाट्याने करायची जुनी पद्धत आहे, तिला अबूसा म्हणतात. पिकाचे तीन हिस्से. राबणाऱ्याला एक, बाकी मालकाला. हा राबणारा पुष्कळदा बुर्किना फासो किंवा मालीतून आलेला असतो. एका हिश्शात त्याला संसार चालवायचा असतो. मजूर लावला तर त्याचे पैसे त्याच एका हिश्शातून जाणार, म्हणून बायको आणि मुलं कामाला येतात. त्यांची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

हे नेहमी असंच होतं का? कोकोचा इतिहास सक्तीच्या मजुरीशी दोनदा भांडलेला आहे, आणि दोन्ही वेळा ते भांडण जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पहिली गोष्ट साओ टोमेची. गोव्यावर तेव्हा ज्यांचं राज्य होतं त्याच पोर्तुगालचं हे आफ्रिकेच्या पश्चिमेकडचं एक बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कोकोच्या मळ्यांवर अंगोलातून माणसं आणली जात. कागदोपत्री करार, प्रत्यक्षात परतीची वाट नाही. त्यांना ‘सेर्व्हिसाइश’, म्हणजे नोकर, म्हणत. इंग्लंडची कॅडबरी कंपनी याच बेटाचा कोको मोठ्या प्रमाणात घेत असे. कॅडबरी घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा वारसा सांगणारं. विल्यम कॅडबरींच्या कानावर हे सगळं १९०१ मध्ये आलं. खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं चौकशा आणि वाटाघाटींत गेली. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने या दुटप्पीपणावर टीका केली तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. ज्यूरींनी भरपाई मंजूर केली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! निकाल कंपनीच्या बाजूने, पण तिच्या अब्रूची किंमतही त्यातच आली.

कॅडबरी मग गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. टेट्टे क्वार्शी नावाच्या माणसाने १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया तिकडे आणल्या होत्या. तिथे मळेवाले साहेब नव्हते, लहान शेतकरी स्वतःच्या जमिनीत पीक घेत होते. गुलामीला हाच खरा उतारा असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

दुसरी गोष्ट शेजारच्या फ्रेंच वसाहतीची. आयव्हरी कोस्टमध्ये गोऱ्या मळेवाल्यांना सरकार वेठबिगार पुरवत असे आणि आफ्रिकन बागायतदार मजुरांवाचून बसत. फेलिक्स उफुए-ब्वान्यी हे असेच एक बागायतदार, पेशाने डॉक्टर. त्यांनी आफ्रिकन शेतकऱ्यांची संघटना उभी केली, पॅरिसच्या संसदेत गेले, आणि १९४६ मध्ये फ्रेंच वसाहतींतली सक्तीची मजुरी बंद करणारा कायदा त्यांच्या नावाने मंजूर झाला. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तेच राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचं धोरण साधं होतं : जो जमीन कसेल त्याची ती. उत्तरेकडच्या कोरड्या देशांतून लाखो लोक आले, जंगल तोडून कोको लावत गेले. १९७० चं दशक संपता संपता आयव्हरी कोस्ट कोको उत्पादनात जगात पहिला झाला.

मग भाव कोसळला. १९८० च्या दशकाच्या शेवटी जागतिक बाजार पडला. उफुए-ब्वान्यींनी माल अडवून धरून पाहिला, बाजार वाकला नाही. १९८९ मध्ये शेतकऱ्याला मिळणारा भाव किलोला ४०० सीएफए फ्रँकवरून (हे तिथलं चलन) २०० वर आणावा लागला. एका फटक्यात निम्मा. दहा वर्षांनी कर्जदारांच्या दबावाखाली भावाची हमी देणारं सरकारी मंडळही मोडीत निघालं. २००० साली जागतिक भाव टनाला १,००० डॉलरच्याही खाली गेला होता. आणि नेमक्या त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, मालीतली पोरं कोकोच्या बागांत डांबून ठेवल्याच्या बातम्या ब्रिटिश आणि अमेरिकी माध्यमांत झळकल्या. मला हा योगायोग वाटत नाही. ज्या देशाच्या अध्यक्षाच्या नावावर वेठबिगारी बंद करणारा कायदा आहे, तिथेच पन्नास-पंचावन्न वर्षांनी ती मागच्या दाराने परत आली, आणि ते दार भावाने उघडलं होतं.

थोडा हिशेब करून पाहू. उदाहरण माझं आहे, भाव खरे आहेत. साडेतीन हेक्टर, म्हणजे साडेआठ एकरांहून थोडी जास्त बाग. हेक्टरी ४५० किलो वाळलेल्या बिया, हा तिथला सर्वसाधारण उतारा. वर्षाला पावणेसोळाशे किलो. मधल्या काळात पुन्हा सुरू झालेला हमीभाव आयव्हरी कोस्टने एप्रिल २०१७ मध्ये किलोला १,१०० फ्रँकवरून ७०० वर आणला. त्या भावाने वर्षाचे ११ लाख फ्रँक. ऐकायला मोठं वाटतं, पण ६५६ फ्रँकचा एक युरो. म्हणजे सुमारे १,७०० युरो, तेव्हाचे सव्वा लाख रुपये. घरात आठ माणसं धरली तर माणशी दिवसाला बेचाळीस रुपये, आणि यातून खत, औषध, पोती, आजारपण काहीच वजा केलेलं नाही. याच घराने बालमजुरी बंद करायची तर फळं फोडायला, ओझी वाहायला मोठी माणसं रोजाने लावायची. कुठून?

त्यातही एक अडचण दिसत नाही ती कागदाची. खेड्यात जन्मलेल्या अनेक मुलांचा जन्मदाखला नसतो. आयव्हरी कोस्टमध्ये सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा २०१५ मध्ये झाला, पण प्राथमिक संपवून पुढच्या वर्गात जायचं तर दाखला लागतो. दाखला नाही की बारा वर्षांच्या पोराची शाळा तिथेच संपते, आणि बाग तर दारातच असते.

सक्तीच्या मजुरीची वाट वेगळी आहे. ती मालीतल्या सिकासोसारख्या शहराच्या बस स्टँडवरून किंवा बुर्किना फासोतल्या एखाद्या दुष्काळी खेड्यातून सुरू होते. ओळखीचा माणूस म्हणतो, हंगामभर काम कर, सायकल घेशील, घरी पैसे नेशील. बसचं भाडं तोच भरतो. बागेवर पोचल्यावर ते भाडं कर्ज होतं. मजुरी हंगामाच्या शेवटी मिळणार असते. हंगाम संपला की मालक म्हणतो, भाव पडला, पुढच्या वर्षी बघू. भाषा कळत नाही, रस्ता माहीत नाही, खिशात दमडी नाही. साखळदंड लागतच नाही. आयव्हरी कोस्टमधल्या बुआके शहरातले मालीचे वाणिज्यदूत अब्दुलाय माको यांनी वीसेक वर्षांपूर्वी अशी अनेक पोरं सोडवून घरी पाठवली होती. गोष्ट जुनी झालेली नाही : मे २०२१ मध्ये आयव्हरी कोस्टच्या सुब्रे भागात पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा ६८ मुलं सापडली. पण दोन टोकांच्या मधे धूसर पट्टाही मोठा आहे. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःहून सीमा ओलांडतो आणि त्याला नोकरी म्हणतो. दहा वर्षांचा पुतण्या काकाकडे ‘वाढायला’ येतो, चुलतभाऊ शाळेत जातो आणि हा बागेत. पश्चिम आफ्रिकेत मूल नातलगाकडे ठेवणं ही जुनी, मायेची रीत आहे. तिच्यातच हे लपतं.

बातम्या आल्या तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. जून २००१ मध्ये एलियट एंगल या खासदाराने चॉकलेटवर ‘गुलामीमुक्त’ असं लेबल लावण्याच्या दिशेने एक दुरुस्ती मांडली आणि ती प्रतिनिधी सभेत २९१ विरुद्ध ११५ मतांनी मंजूरही झाली. उद्योगाचे वकील धावले. सिनेटर टॉम हार्किन यांच्यासह तडजोड झाली आणि सप्टेंबरात कायद्याऐवजी एक स्वेच्छेचा करार निघाला. कंपन्यांनी सह्या केल्या : २००५ पर्यंत बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं संपवण्याची व्यवस्था उभी करू. २००५ ची मुदत २००८ झाली, २००८ ची २०१०. मग ‘संपवू’ हा शब्दच गेला आणि ‘२०२० पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करू’ असं ठरलं. २०२० मध्ये काय आकडा आला ते वर सांगितलंच आहे. दहा वर्षांत त्या भागातल्या शेतकरी घरांत कोकोची बालमजुरी करणाऱ्या मुलांचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं होतं.

याच अहवालातली दुसरी बाजू मला जास्त बोलकी वाटते. त्याच दहा वर्षांत आयव्हरी कोस्टमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण ५८ वरून ८० टक्के झालं, घानात ८९ वरून ९६. म्हणजे शाळा उघडल्या, मुलं गेली, आणि तरी मजुरी वाढली. सकाळी वही, दुपारी कोयता. मधल्या काळात कोकोचं उत्पादन ६२ टक्क्यांनी वाढलं होतं. नवी लागवड, नवी जंगलतोड, जिथे शाळा-दवाखाना पोचायच्या आधी बाग पोचते.

कोर्टात काय झालं? बागांतून सुटलेल्या मालीच्या सहा जणांनी २००५ मध्ये नेस्ले आणि कारगिल या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. सोळा वर्षांनी, १७ जून २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला : अत्याचार आफ्रिकेत घडला, कंपनीचे सर्वसाधारण निर्णय अमेरिकेत होतात एवढ्यावरून इथे खटला चालत नाही. मुलांवर अत्याचार झाला नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. दार कुठलं ठोठवायचं, इतकंच सांगितलं, आणि हे दार नाही म्हणून सांगितलं.

आता दुकानात चॉकलेटच्या वेष्टनावर प्रमाणपत्राचे शिक्के दिसतात. त्यांतल्या अनेकांचा अर्थ समजायला गावातली दूध डेअरी आठवा. दहा घरांनी स्वच्छ गोठ्यातलं दूध घातलं, नव्वद घरांनी कसंही घातलं, टँकर एकच. डेअरी म्हणते, दहा टक्के दूध चांगलं आलं, म्हणून दहा टक्के पिशव्यांवर ‘स्वच्छ गोठा’ छापायला हरकत नाही. कुठल्या पिशवीत कुठलं दूध, हे कुणालाच ठाऊक नाही. कोकोत याला मास बॅलन्स म्हणतात. फसवणूक नाही, नियमात बसतं. बागेवरून माल उचलणारा पिस्तर, त्याच्याकडून घेणारा व्यापारी आणि मग आबिजान किंवा सान-पेद्रोचं बंदर, या वाटेवर पोती एकमेकांत मिसळतातच. भारतात केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत कोको होतो, पण आपल्या कारखान्यांना तो पुरत नाही आणि बाकीचा बाहेरून येतो. तेव्हा आपल्या दुकानातली वडीही या टँकरच्या बाहेर नाही.

उपयोग कशाचा होतो? गावातलाच माणूस घरोघरी फिरून कुठलं मूल काय काम करतं हे लिहून ठेवतो आणि मग त्या घराला जे हवं ते, दाखला, वह्या-पुस्तकं, ढकलगाडी, मिळवून देतो. ही पद्धत जिथे नेटाने चालते तिथे फरक दिसतो. फवारणी आणि छाटणीसाठी मोठ्या माणसांच्या टोळ्या तयार केल्या की मुलांच्या हातचं सर्वांत घातक काम निघतं. नेस्लेने २०२२ पासून मुलं शाळेत घालणाऱ्या, छाटणी करणाऱ्या कुटुंबांना वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत थेट पैसे द्यायला सुरुवात केली. निम्मे नवऱ्याच्या, निम्मे बायकोच्या मोबाइलवर. ही वाटणी कुणी सुचवली कोण जाणे, पण ज्याला घर कळतं त्यालाच ती सुचली असणार.

आणि भाव. दोन्ही देशांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जादा मागितले. २०२४ मध्ये रोग आणि वाईट हवामानामुळे पीक बुडालं आणि डिसेंबरात जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. शेतकऱ्याच्या हाती मात्र लगेच काही आलं नाही, कारण सरकारं माल आधीच्या भावाने विकून बसली होती. आयव्हरी कोस्टचा हमीभाव पायरीपायरीने चढला : एप्रिल २०२४ मध्ये १,५००, ऑक्टोबरात १,८००, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २,८०० फ्रँक. २०१७ च्या चौपट. तोवर जागतिक भाव शिखरावरून निम्म्यावर आला होता. चांगला भाव दुधारी असतो हेही खरं. तो मजुराचे पैसे देऊ शकतो, तसाच आणखी जंगल तोडून आणखी बाग लावायला आणि तिथे आणखी हात लावायलाही सांगतो.

आयव्हरी कोस्टमध्ये मोठा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, आणि नवा भावही तेव्हाच जाहीर होतो. शाळा उघडते सप्टेंबरात. त्या महिन्यात गणवेश, वह्या आणि वर्गणीचे पैसे मागितले जातात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आणि मागच्या पिकाचा पैसा बहुधा उरलेला नसतो. झाडावर फळं पिकायला लागलेली असतात.